चर्चा : माग आपोआप चालू लागल्यावर विणकराच्या घरी पैसे कुठून यावेत?

धागाकर्ता (पूर्व भाग, सोलापूर)
आमच्या गल्लीतल्या शेडमध्ये पूर्वी एक विणकर दोन मागांच्या मध्ये उभा राहून धोट्यातली (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागातली) संपलेली सुताची कांडी हाताने बदलत असे. आता तिथे रॅपियर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे माग, बसले आहेत. धोटा गेला, कांडी गेली आणि कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरीही गेली. टॉवेल मात्र पूर्वीपेक्षा जास्त निघतात. ही वाढ केवळ यंत्र घेणाऱ्याकडे न राहता, काम असो वा नसो, प्रत्येक प्रौढाला दरमहा ठरावीक रक्कम मिळावी, असे माझे मत आहे. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत यावर स्वतंत्र प्रकरणच होते, आणि त्यात माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशेब मांडला होता.

मागवाला
त्या ७,६२० ला बाराने भागावे. महिन्याला ६३५ रुपये येतात. शिवाय तो हिशेब पंचाहत्तर टक्के लोकसंख्येपुरता होता, आणि तेवढ्यालाही राष्ट्रीय उत्पन्नाचे ४.९ टक्के लागणार होते. घर चालेल एवढी रक्कम द्यायची, तर आधी रेशनवर कात्री चालेल. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्याने लोकांच्या हाताला काम दिले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. तीच वाट मला अधिक स्वाभिमानाची वाटते.

बिडी कामगाराची मुलगी
स्वाभिमानाचे म्हणाल, तर तो कारखान्यात बिड्या देताना दिसतो. आई हजार बिड्या वळून नेते. तिथे मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार खात्यावर येऊ लागल्यावर तिने पहिल्यांदा विचारले, “यात खराब काय आहे, दाखवा.” रक्कम लहान होती, पण उद्या काम नाकारले तरी चूल पेटेल एवढा धीर तिला त्यातून आला. आजी पासष्टच्या पुढची, म्हणून ती यादीत नाही. योजना सरसकट हवी ती याचसाठी. फिनलंडमध्ये २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले, तेव्हा रोजगारात फारसा फरक पडला नाही, पण लोकांचे समाधान वाढले.

धागाकर्ता
पैशांबद्दल मागवाल्यांनी आपलेच उदाहरण आठवावे. रोजगार हमीसाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, आणि शहराने खेड्याचा भार उचलला. तसाच कर माणसे कमी करणाऱ्या यंत्रांवर का नको?

मागवाला
छाटीचा मुद्दा मी मान्य करतो. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण यंत्रावर कर म्हणजे नेमका कोणावर? इथले कितीतरी शेडवाले चार-सहा मागांचे धनी आहेत आणि रॅपियर बँकेच्या कर्जावर आहे. कर फक्त आपल्या राज्यात लागला, तर टॉवेलची ऑर्डर पानिपतला जाईल. कर्जाचा हप्ता आणि हा कर, यांतले आधी काय भरायचे, तेवढे सांगा.