मरायला टेकलेल्या डिस्कवरची एक्सएफएस फाइलसिस्टिम अनमाउंट होत नाही

टर्मिनलवाला:
लिनक्स सर्व्हर. एसडीबी ही ४ टीबीची साटा डिस्क, त्यावर एकच एक्सएफएस पार्टिशन, /डेटा वर माउंट केलेलं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) सारख्या आय/ओ एरर. यूमाउंट म्हणतं 'टार्गेट इज बिझी'. /डेटा कोण वापरतंय ते बघायला फ्यूजर -व्हीएम दिलं, ते दोन प्रोसेस दाखवतं, दोन्ही 'डी' अवस्थेत (डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या). किल -९ ला दाद देत नाहीत. यूमाउंट -एफ (जबरदस्ती) करूनही फरक नाही. बाकी सेवा चालू आहेत, रीबूट नको. यूमाउंट -एल (लेझी) वापरू का?

कर्नलकट्टा:
एवढ्यात नको. -एल फक्त नाव झाडावरून काढतं. फाइल उघड्या आहेत तोवर फाइलसिस्टिम आत जिवंतच राहते आणि डिस्कवर लिहायचा प्रयत्न चालू ठेवते. शिवाय एकदा /डेटा हा रस्ता गेला की तिला बंद करायला हाताशी सोपं काही उरत नाही. -एफ मुख्यतः एनएफएस (नेटवर्कवरची), फ्यूझ अशा फाइलसिस्टिमसाठी आहे, स्थानिक डिस्कवर त्याचा उपयोग नाही.

आधी फाइलसिस्टिमच पाडा:

एक्सएफएस_आयओ -एक्स -सी शटडाउन /डेटा

शटडाउनला -एफ लावू नका. इथे त्याचा अर्थ 'जबरदस्ती' नाही, 'आधी लॉग (फाइलसिस्टिमची बदलांची नोंदवही) डिस्कवर लिही' असा आहे, आणि लिहायला डिस्क कुठे धड आहे? मेमरीत अडकलेला, न लिहिलेला डेटा जाणार, हे धरूनच चला. मग प्रोसेस मारून साधं यूमाउंट.

टर्मिनलवाला:
शटडाउन झालं. एक प्रोसेस गेली, दुसरी अजून 'डी' मध्येच.

सेक्टरशोधक:
तिची विनंती खाली स्कझी थरात (कर्नलचा डिस्कशी बोलणारा भाग, साटा डिस्कही त्यातूनच जाते) अडकली असणार. प्रत्येक कमांडला ३० सेकंदांचा टाइमआउट, वर पुन्हा प्रयत्न, मग अबॉर्ट, रीसेट. एका खराब सेक्टरपायी कित्येक मिनिटं जातात. सिसएफएसमध्ये (/सिस खाली) ब्लॉक, एसडीबी, डिव्हाइस या फोल्डरात 'स्टेट' फाइल आहे, तिच्यात 'ऑफलाइन' लिहा. नवीन कमांड लगेच नाकारल्या जातील. त्यानंतर तिथल्याच 'डिलीट' मध्ये १. हाच क्रम ठेवा, कारण डिलीट जाताजाता डिस्कला कॅश रिकामी करायला सांगतं आणि चालू डिस्कवर तिथेच लटकू शकतं. विनंती एररने परतली की प्रोसेस आपोआप मरेल, मग यूमाउंट.

मध्येच सिंक (न लिहिलेला सगळा डेटा डिस्कवर लिहायची कमांड) देऊ नका, तेही अडकेल. नाव नक्की एसडीबीच आहे ना, हे एलएसबीएलकेने डिस्कची यादी काढून सिरियल नंबरवरून ताडून घ्या. चुकून सिस्टिमची डिस्क काढाल.

कर्नलकट्टा:
साध्या पार्टिशनऐवजी एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम) असतं तर डीएमसेटअप वाइप_टेबल --फोर्स --नोफ्लश ने तेच साधलं असतं. एवढं करूनही प्रोसेस हलली नाही तर दोष कंट्रोलर किंवा ड्रायव्हरचा, तिथे रीबूटच.

डेटा हवा असेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून, माउंट न करता, डीडीरेस्क्यू -डी -एन ने (खराब डिस्कची प्रत काढणारं साधन) मॅप फाइलसकट, म्हणजे कुठला भाग वाचला त्याच्या नोंदीसकट, इमेज घ्या. दुरुस्ती इमेजच्या प्रतीवरच. आधी आरओ,नोरिकव्हरी ने (फक्त वाचायला, लॉग न लावता) माउंट करून काय हाती लागतं बघा. एक्सएफएस_रिपेअर -एल (इथे मोठं एल) लॉग पुसून टाकतं, ते अगदी शेवटी.