प्रतिसाद: सॅक्सोफोनसाठी मुंबईच गाठायची का?

"पाचव्या ग्रेडनंतर पुण्यात सॅक्सोफोनला गुरू नाही, शनिवारी मुंबई गाठा" हे वर दोघा-तिघांनी लिहिलंय (ग्रेड म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांच्या पायऱ्या). अर्धंच पटलं. तंत्रापुरतं म्हणाल तर कॅम्प-वानवडीकडे लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक शोधा. माझा भाचा अशाच एका काकांकडे जातो. आठवी ग्रेड झालेल्या मुलाला त्यांनी पहिला महिनाभर फक्त लांब स्वर धरायला लावले. पोरगं वैतागलं, पण ओठांची पकड सुधारली. (शेजारी अजून वैतागलेलेच आहेत.)

दुसरं म्हणजे, पुढचा गुरू सॅक्सोफोनवालाच हवा असं कुठे आहे? सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणारे कद्री गोपालनाथ टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे शिकले, ते तर गायक आणि मृदंगवादक. म्हणून भाच्याला सदाशिव पेठेत एका गायकांकडे यमन शिकायला धाडला. पहिली संध्याकाळ नुसत्या गोंधळात गेली. भाच्याचा अल्टो प्रकारचा सॅक्स ई फ्लॅटचा, त्यामुळे यानं कागदावरचा 'सी' वाजवला की ऐकू येते काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी, म्हणजेच ई फ्लॅट), आणि सर गाणार काळी एकमध्ये! शेवटी कागदावरचा बी फ्लॅट म्हणजे सा असं ठरलं तेव्हा कुठे सूर जुळले. टेनर प्रकारचा सॅक्स वाजवणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांचा 'सी' म्हणजे काळी पाच. गायकांकडे जाणार असाल तर एवढं घरूनच करून जा. पहिल्या शिकवणीची फी वाचेल.