प्रभुभोजन, सहभागिता की कम्युनियन? आणि ते ‘घ्यायचं’ का?

खानापूरकर:
ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमची मराठी मंडळी (म्हणजे चर्च) आणि शेजारची कन्नड मंडळी एकत्र उपासना करणार आहेत, प्रभुभोजनासकट, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा तो विधी. दोन्ही भाषांतली पत्रिका छापायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कन्नड मथळा ‘कर्तन भोजन’, पाच मिनिटांत ठरला. (आमच्या पोरांनी केशकर्तनालय आठवून हसून घेतलं. कन्नडमध्ये ‘कर्त’ म्हणजे प्रभू, ‘कर्तन’ म्हणजे प्रभूचं.) मराठीवर मात्र तीन बैठका झाल्या. पाळकसाहेबांना ‘पवित्र सहभागिता’ हवंय, जुनी माणसं ‘प्रभुभोजन’ सोडायला तयार नाहीत आणि तरुण म्हणतात, सरळ ‘कम्युनियन’ लिहा की. कोणता शब्द धरायचा? शिवाय मथळ्याखाली कुणी भाग घ्यावा, याची एक ओळ टाकायची आहे. तीही सुचवा.

कॅम्पातली:
चूक कुठलाच नाही. ‘प्रभुभोजन’ बायबलात पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायातलं, ‘सहभागिता’ त्याच पत्राच्या 10व्या अध्यायातली. मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’, म्हणजे एकाच गोष्टीत सगळ्यांचा वाटा असणं. कम्युनियन हा लॅटिनमार्गे त्याच अर्थाकडे जाणारा शब्द. याच विधीचं आणखी एक नाव ‘युखरिस्त’ अजून कुणी काढलं नाही म्हणून सांगते, त्याचा मूळ अर्थ उपकारस्तुती.
मला विचाराल तर प्रभुभोजन. सहभागिता अर्थानं उत्तम आहे, पण कानाला ते शाळेच्या प्रमाणपत्रासारखं लागतं, ‘सहभागाबद्दल’. भोजन म्हटलं की निदान पंगत डोळ्यांपुढं येते.
खटकतं ते क्रियापद. आपण जेवण घेत नाही, जेवतो. घेतो ते औषध. मग ‘भोजन घेतलं काय?’ असं विचारलं की ते डोस घेतल्यासारखं का वाटणार नाही?

निपाणीकर:
आमचं घर मूळ गोव्याकडचं, कॅथलिक. घरात मिसेला (कॅथलिक उपासनेला) ‘मीस’ आणि कम्युनियनला ‘कुमगार’, पोर्तुगीज ‘कोमुंगार’ या क्रियापदावरून आलेला शब्द. कन्नड मिसेत ‘परमप्रसाद’ ऐकतो, मराठीत ‘ख्रिस्तप्रसाद’. त्यामुळे ताई, आम्हाला ‘घेणं’ खटकत नाही, प्रसाद घेतातच. तुम्हा प्रोटेस्टंटांकडं प्रसाद हा शब्द चालायचा नाही, ठाऊक आहे. तेवढ्यासाठी भांडत नाही.

अथणीकर:
मथळ्यापेक्षा मला ‘भाकर’ शब्दात जास्त गंमत वाटते. मराठी बायबलात येशू भाकर घेतो आणि ती मोडतो. कन्नड बायबलात तो ‘रोट्टी’ घेतो आणि मुरडत नाही हं, ‘मुरि’तो. मुरि म्हणजे मोडणं. आणि आमच्या भागात रोट्टी म्हणजे काय? जोळद रोट्टी, ज्वारीची भाकरी! दोन्ही भाषांतरांनी मेजावर एकच वस्तू आणून ठेवलीय. शिवाय ज्वारीच्या भाकरीत खमीर नसतंच, म्हणजे वल्हांडण या यहुदी सणाची ‘बेखमीर भाकर’ आपल्या तव्यावर रोजच आहे.
आता प्रत्यक्ष काय होतं बघा. शनिवारी संध्याकाळी बेकरीचा पाव आणायचा, कडा काढायच्या, सुरीनं बोटाच्या पेराएवढे चौकोन पाडायचे. रविवारी पाळक म्हणणार, ‘ती मोडली.’ मोडली कुठं? आदल्या दिवशीच कापली की! पोरं ‘कर्तन भोजन’ला हसली ते उगाच नाही. माझं म्हणणं, तुकडे काय करायचे ते करा, पण एक अख्खी भाकरी मेजावर ठेवा आणि त्या शब्दाला ती सगळ्यांसमोर मोडा.

निपाणीकर:
ज्वारी आमच्यात चालणार नाही. कॅथलिक नियमात भाकर गव्हाचीच लागते आणि वाइन द्राक्षांचीच.

कॅम्पातली:
‘द्राक्षारस’ही तसाच अडचणीचा. फोड केली तर नुसता द्राक्षांचा रस, बायबलात मात्र तो वाइनच्या जागी येतो. दारू टाळणाऱ्या मेथडिस्ट पंथाला हा शब्द फार सोयीचा पडला असणार! 1869 मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षाचा रस आंबू नये म्हणून तापवून बाटलीत भरला, तो प्रभुभोजनासाठीच. आमच्याकडं बाटली नसते. काळ्या मनुका रात्रभर भिजत घालायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या.

खानापूरकर:
भाकरीचं पटलं. आता ती खालची ओळ. समितीतल्या एकांनी लिहून दिलंय, ‘अयोग्य व्यक्तींनी भाग घेऊ नये.’ ते वाचलं आणि माझी आजी आठवली. जावेशी बांधावरून वाजलं की त्या महिन्याला ती बाकावरच बसायची. पदर डोक्यावर ओढून म्हणायची, ‘मी न्हाई येत, तुमी जावा.’ आम्ही भोजन घ्यायला वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून परत यायचो, तोवर ती मान खाली घालून तशीच. शेवटची कित्येक वर्षं तिनं भोजन घेतलंच नाही. ‘मी योग्य न्हाई’ हेच कारण.

अथणीकर:
दादा, ती ओळ छापू नका. त्या पत्राच्या 11व्या अध्यायात ‘अयोग्य प्रकारे’ आहे, ‘अयोग्य माणसानं’ नाही. ग्रीकमध्येही ते क्रियाविशेषण आहे. खाण्याची रीत अयोग्य, खाणारा नव्हे. आणि रीत कुठली, तेही पौलानं वरच सांगितलंय: करिंथात काही जण आधीच खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. म्हणून शेवटी तो सांगतो, एकमेकांची वाट पाहा. स्वतःची परीक्षा करावी असंही तिथं आहे, पण पुढं लगेच ‘मग खावे’ हेही आहे. परीक्षा करून बाकावर बसून राहा, असं नाही.

कॅम्पातली:
हे आधी कुणी आजींना सांगायला हवं होतं. भांडण होतं तर जावेचा हात धरून कठड्यापर्यंत आणायचं होतं. क्रियाविशेषणाचं विशेषण झालं आणि एक बाई कित्येक वर्षं पंगतीबाहेर बसली.
वाट पाहण्यावरून सांगते, तबक फिरलं की जो तो आपापला तुकडा तोंडात टाकून मोकळा होतो. हातात धरून थांबायचं, शेवटच्या बाकापर्यंत पोचलं की सगळ्यांनी एकदम खायचं.

खानापूरकर:
समितीशी बोललो. मथळा ‘प्रभुभोजन’. खाली एवढंच: ‘सगळ्यांना मिळेपर्यंत थांबावे.’ कन्नडमध्येही तेच. ‘सहभागिता’ पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत राहील, त्यांची हरकत नाही. मनुका मी भिजत घालतो. अख्ख्या भाकऱ्या कुणाकडून करून घ्यायच्या?

अथणीकर:
कन्नड मंडळीतल्या अक्कांकडून. त्यांची पातळ होते, मोडली की शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो.