मदत हवी आहे: ‘ड्रॉप किक’ मराठीत कशी सांगू?

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाच्या अंकासाठी नाइल किनिकवर लेख लिहायला घेतलाय आणि एका वाक्यापाशी अडून बसलोय. किनिक म्हणजे आयोवा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू, 1939 चा हाइझमन ट्रॉफी (महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता. त्या वर्षी नोत्र दामसारख्या बलाढ्य संघाला आयोवाने 7-6 असं हरवलं. टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन 6 गुण) किनिकनेच केला आणि सातवा गुणही त्यानेच मिळवला, ड्रॉप किक मारून. चेंडू हातातून सोडायचा, जमिनीला टेकून उसळताक्षणी लाथ मारायची. याला ‘टप्पा-लाथ’ म्हणू का? बायको म्हणते, गाढवाची वाटते!

दुसरी अडचण म्हणजे ‘आयर्नमेन’. आक्रमण आणि बचाव दोन्ही तेच खेळाडू करायचे, जवळजवळ न बदलता पूर्ण 60 मिनिटं, म्हणून संघाला हे नाव. ‘लोहपुरुष’ लिहिलं की सरदार पटेलच डोळ्यांसमोर येतात.

पुढचं लिहून झालंय. व्यावसायिक फुटबॉल नाकारून तो कायदा शिकायला गेला, मग नौदलात वैमानिक झाला. 2 जून 1943 रोजी सरावाच्या उड्डाणात तेलगळती झाली, व्हेनेझुएलाजवळ विमान समुद्रात उतरवावं लागलं. वय अवघं 24. मृतदेह सापडलाच नाही. 1972 पासून आयोवाचं स्टेडियम त्याच्या नावाने आहे.

रग्बी खेळलेलं कुणी आहे का इथे? तिकडे ड्रॉप किक अजून मारतात. मैदानावर तुम्ही काय म्हणायचात? रविवारपर्यंत मजकूर द्यायचाय.