‘आजोळ’ गटावरील चर्चा : बोल्डरचे तीन दिवस

मोठी मावशी (सकाळी ७:१०)
सर्वांना नमस्कार. काल रात्री गटावर आलेला, अमेरिकेतल्या बोल्डर गावाच्या सहलीचा कार्यक्रम मी दोनदा वाचला आणि त्यानंतर मला झोप लागली नाही. बुधवारी दुपारी डेन्व्हरला उतरायचे, गुरुवारी तिथल्या विद्यापीठात आपल्या पोरीचे पदवीदान, शुक्रवारी पहाटे पाचला निघून एस्टेस पार्क गावामार्गे ट्रेल रिज रोड आणि तिकडेच मुक्काम, शनिवारी कोलोरॅडो स्प्रिंग्ज करून संध्याकाळचे विमान. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे आणि आईच्या गुडघ्यांचे सर्वांना ठाऊक आहे. हा कार्यक्रम आखण्यापूर्वी त्या दोघांना कोणी विचारले होते का?

मामा (७:२४)
विचारले होते. आईबाबा गेले तीन आठवडे माझ्याच घरी आहेत, त्यामुळे त्यांच्या प्रकृतीची कल्पना मला नाही असे समजण्याचे कारण नाही. सात आसनी गाडीही मीच ठरवली आहे. ट्रेल रिज रोड हा अमेरिकेतील सर्वांत उंच सलग डांबरी रस्ता आहे, उंची ३,७१३ मीटर. इतक्या लांब येऊन तो पाहायचाच नाही, हे मला पटत नाही.

धाकटी मावशी (७:३१)
दादा, रोहतांगच्या वेळीही तू नेमके हेच वाक्य म्हणाला होतास, फक्त रस्त्याचे नाव वेगळे होते. 😄

मामा (७:३३)
तो विषय पुन्हा काढण्याची गरज नव्हती.

मोठी मावशी (७:३६)
गरज होती. मढीवरून गाडी वळवून आईला मनालीच्या दवाखान्यात मी आणले होते, म्हणून मला तो दिवस आठवतो.

मामी (७:४०)
मोठ्या ताई, तुमची काळजी आम्हाला समजते. यांनी सर्व आरक्षणे रात्री जागून केली आहेत, एवढेच लक्षात असू द्यावे.

ताई (७:५८)
सर्वांना नमस्कार, मी आत्ता ग्रंथालयातून बाहेर आले. मामा, ट्रेल रिज रोड ऑक्टोबरच्या मध्यापासून बर्फामुळे बंद होतो आणि साधारण मे महिन्याच्या शेवटी उघडतो. आमचे पदवीदान मेच्या पहिल्या पंधरवड्यात आहे, त्यामुळे आपण जाऊ तेव्हा बर्फ काढणारी यंत्रेच तिथे काम करत असतील आणि आपल्याला फाटकावरूनच परतावे लागेल. शिवाय बोल्डरचीच उंची १,६५५ मीटर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा सुमारे तीनशे मीटर जास्त. हवा इतकी कोरडी असते की पहिल्या दिवशी तहान लागेपर्यंत थांबले तर डोके दुखायला लागते. समुद्रसपाटीवरून येणाऱ्या आजी-आजोबांनी पहिली संध्याकाळ भरपूर पाणी पिऊन आणि सपाट रस्त्यावर हळूहळू चालून काढावी, असे मला मनापासून वाटते.

मामा (८:०४)
रस्ता काही वर्षी लवकरही उघडतो. ट्रेल रिज रोड हा अमेरिकेतील सर्वांत उंच सलग डांबरी रस्ता आहे, उंची ३,७१३ मीटर.

धाकटी मावशी (८:०५)
उंची आता आम्हा सर्वांची पाठ झाली आहे. गाडीत पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर कोण घेणार, हे तेवढे ठरवा.

मोठी मावशी (८:०७)
पुरणपोळ्या नंतर. आधी शुक्रवारचे ठरू द्या. गाडीत बसून डोंगर पाहण्यापेक्षा त्या गावात पायी काय पाहता येईल, हे कोणी सविस्तर सांगेल का?

ताई (८:२९)
सांगते. गावाच्या नैर्ऋत्येला शटाक्वा नावाचे उद्यान आहे. १८९८ मध्ये टेक्सासमधील शिक्षकांना उन्हाळ्यात अभ्यासासाठी आणि थंड हवेसाठी यायला जागा हवी होती, म्हणून ते सुरू झाले. त्या वर्षीचे लाकडी सभागृह आणि भोजनगृह आजही वापरात आहेत. भोजनगृहाच्या व्हरांड्यात बसले की समोर गवताळ उतार आणि त्याच्या वर फ्लॅटआयर्न्स नावाचे खडक दिसतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचे आणि गोट्यांचे ते तांबूस थर जमीन उचलली गेली तेव्हा कलते उभे राहिले आणि आता तसेच डोंगराला टेकून आहेत. आजीने एक पाऊलही चढायला नको. ज्यांना चालायचे आहे त्यांनी गवतातून वर जाणाऱ्या रुंद पायवाटेने अर्धा तास जावे आणि परत यावे. सकाळी लवकर गेलो तर गाडी उभी करायला जागा मिळते. दुपारनंतर तिथे ढग जमतात आणि मेमध्ये एखादे दिवशी बर्फही पडते, म्हणून सर्वांनी स्वेटर आणि टोपी या दोन्ही गोष्टी जवळ ठेवाव्यात.

धाकटी मावशी (८:३४)
इतके पैसेवाले गाव आणि उतारावर एकही बंगला नाही? आपल्याकडे एव्हाना ‘व्हॅली व्ह्यू’ची पाटी लागली असती.

ताई (८:४१)
बंगले होऊ दिले नाहीत. १९५९ मध्ये नागरिकांनी मतदान करून ठरवले की ठरावीक उंचीच्या वर नगरपालिकेने पाणी द्यायचे नाही. पाणी नाही म्हणून घरे नाहीत. १९६७ मध्ये त्यांनी मतदानानेच स्वतःवर विक्रीकर लावून घेतला आणि त्या पैशांतून गावाभोवतीची मोकळी जमीन विकत घ्यायला सुरुवात केली.

मोठी मावशी (८:४५)
हे वाचून वेताळ टेकडीवरच्या रस्त्याचा वाद आठवला. आम्ही इथे कोथरूडमध्ये सह्या गोळा करत फिरतो आहोत.

मामा (८:४७)
कृपया गटावर पुण्याचे राजकारण नको. एस्टेस पार्कच्या हॉटेलचे पैसे भरून झाले आहेत, त्याविषयी कोणीच बोलत नाही.

मोठी मावशी (८:४९)
पैशांचा प्रश्न असेल तर माझा वाटा मी आजच पाठवते. उद्या तो ऐकवला जायला नको.

मामी (८:५२)
असे कोणीही म्हटलेले नाही.

आजोबा (९:१५)
सर्वांचे संदेश वाचले. मला विचारले होते हे खरे आहे, आणि मी ‘चालेल’ म्हणालो हेही खरे आहे, कारण पोराचा उत्साह मोडावा असे वाटले नाही. आता विचारताच आहात तर माझी इच्छा सांगतो. चौतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवताना सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या निबंधाची हकीकत मी प्रत्येक वर्गाला सांगितली. अतिशय थंड केलेले अणू सर्वच्या सर्व एकाच अवस्थेत जातील, असे त्या कामावरून आइन्स्टाइन यांनी जे भाकीत केले, ते वायूतील अणूंवर प्रत्यक्षात उतरायला १९९५ साल उजाडले. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या, वर अवघ्या १७० नॅनोकेल्विनपर्यंत (नॅनोकेल्विन म्हणजे एका अंशाचा अब्जावा भाग) थंड केले आणि ते सर्व एकाच अवस्थेत गेले. २००१ च्या नोबेलमध्ये त्या दोघांचा वाटा होता. हे घडले ते बोल्डरच्या विद्यापीठात, ‘जिला’ या संस्थेत. मला त्या इमारतीसमोर उभे राहायचे आहे. आत जाता आले नाही तरी चालेल.

मामा (९:२१)
बाबा, ती एक साधी इमारत आहे. बाहेरून पाहण्यासारखे तिथे काही नाही. पर्वतराजी मात्र पुन्हा दिसणार नाही.

मोठी मावशी (९:२२)
त्यांना काय पाहायचे आहे ते त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले आहे.

ताई (९:३०)
आजोबा, पदवीदान फॉल्सम फील्ड या क्रीडांगणावर आहे आणि ‘जिला’ तिथून चालत काही मिनिटांवर आहे. समारंभ संपला की मी झगा न काढता तुम्हाला घेऊन जाईन. वाटेत नॉर्लिन ग्रंथालयही दाखवीन. जो केवळ आपलीच पिढी जाणतो तो कायम मूल राहतो, अशा अर्थाचे वाक्य त्याच्या पश्चिमेच्या दारावर कोरलेले आहे आणि ते वाचताना मला दर वेळी तुमची आठवण येते. विद्यापीठाच्या बहुतेक इमारती इथल्याच वालुकाश्माच्या असून त्यांवर लाल कौले आहेत. मधून मधून सावलीतले बाक आहेत, त्यामुळे आजीलाही बसत बसत येता येईल.

आजी (९:४४)
मला डोंगर नको नि इमारत नको. पोरीला झग्यात बघायचे आहे आणि नंतर बरा चहा मिळाला पाहिजे. तिथे पिशवी बुडवून देतात.

ताई (९:५२)
आजी, शनिवारी तुझ्यासाठी दुशांबे चहागृह. ताजिकिस्तानच्या राजधानीने बोल्डरला मैत्रीची भेट म्हणून ते दिले. तिथल्या चाळीसहून अधिक कारागिरांनी छत, खांब आणि बाहेरच्या चिनी मातीच्या फरश्या हाताने घडवल्या, सगळे पेट्यांत भरून पाठवले, आणि १९९८ मध्ये ते उघडले. देवदाराच्या खांबांवरची वेलबुट्टी तू बोटाने चाचपून पाहशील, मला खात्री आहे. मध्ये कारंज्याभोवती सात स्त्रियांच्या तांब्याच्या मूर्ती आहेत. दुधाचा मसाला चहाही मिळतो. त्याच्याच दारासमोरच्या रस्त्यावर शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, आणि मागच्या ओढ्याला या दिवसांत बर्फाचे पाणी जोरात वाहत असते. ओढ्याकाठची वाट सपाट आहे. तिथून पर्ल स्ट्रीटही जवळ आहे. १९७७ पासून त्याचा चार चौकांएवढा भाग फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे.

मामा (१०:०१)
ट्रेल रिज रोड हा अमेरिकेतील सर्वांत उंच

मामा (१०:०१)
चुकून गेले.

धाकटी मावशी (१०:०२)
🙏😄

आजोबा (१०:१०)
शुक्रवारी सकाळी शटाक्वा, दुपारी विश्रांती. तुम्हा तरुणांना एस्टेस पार्कला जायचे असेल तर दुपारी जरूर जा, आम्ही दोघे हॉटेलवर थांबू. शनिवारी कोलोरॅडो स्प्रिंग्ज नको. त्या तीन तासांच्या रस्त्यासाठी मी चहा आणि बाजार सोडणार नाही.

मामी (१०:१८)
बाबा, मीही तुमच्याबरोबर थांबेन. तिकडचे हॉटेल आजपर्यंत विनाशुल्क रद्द होते, मी आत्ताच पाहिले.

मामा (१०:३५)
हॉटेल रद्द केले आहे. गाडी राहील, कारण आईला विमानतळाच्या बसमध्ये चढउतार करायला लावणार नाही, त्यावर चर्चा नको. शुक्रवारी दुपारी मी एस्टेस पार्कला जाणार आहे. कोणाला यायचे असेल त्यांनी गुरुवारपर्यंत कळवावे.

मोठी मावशी (१०:४१)
चहागृहात सात जणांची जागा आधी सांगून ठेवावी लागेल का? आणि माझा वाटा किती झाला, तेही कळव.