दहा वर्षांच्या लॅपटॉपला एसएसडी: मी म्हणतो बसवाच, पटत नसेल तर बोला

पांदणवाट
आर्णी तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीकविमा, झेरॉक्स. लॅपटॉप 2016 चा, पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क. सकाळी शटर वर केलं की आधी त्याचं बटण दाबायचं, मग झाडू, मग उदबत्ती, मग टपरीवर चहा सांगायचा. चहा संपायचा तरी ते गोल फिरतच असायचं. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क 100 टक्के आणि प्रोसेसर निवांत बसलेला. जुलैअखेर पीकविम्याची गर्दी, दारात वीस माणसं. एक काका म्हणाले, "बाबू, याले पानी पाजा लागते का?"

जो तो सांगे, नवा घे. म्हणजे पस्तीस-चाळीस हजार. मी अडीच हजारांची 480 जीबीची सॅटा एसएसडी आणली, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जागी आणि त्याच जोडणीवर बसणारी चिपवाली डिस्क, आणि रविवारी स्वतः बसवली. आता झाडू हातात घेईपर्यंत मशीन तयार असतं.

कारण साधं आहे. लॅपटॉपची हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई सरकायचा वेळ वेगळा. हिशेब केला तर सेकंदाला पन्नास-साठ ठिकाणं, बस. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली मागतं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, ती तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणं वाचते. माझं मत स्पष्ट आहे: हार्ड डिस्कवाला लॅपटॉप एसएसडी लावून बघितल्याशिवाय भंगारात देणं हा पैशाचा माज आहे.

संत्राबाग
माज वगैरे शब्द जरा जपून, भाऊ. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. नाव नोंदवलं तर तिथून पुढे वर्षभर वाढीव सुरक्षा मिळते, पुढे काय? विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून चालतं, तुमचा पाचव्या पिढीचा. घरी सिनेमे बघायचे असते तर मी गप्प बसलो असतो. तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, अंगठे येतात. असुरक्षित मशीन वेगात पळालं म्हणून सुरक्षित होत नाही. त्यात बिजागर मोडकं, कीबोर्डची दोन बटणं गेलेली असतील तर अडीच हजार म्हणजे नव्या लॅपटॉपला उशीर करायची फी.

पांदणवाट
बिजागर ठीक आहे. कीबोर्डचं एक बटण गेलंय, दोन नाही. 🙂 वाढीव सुरक्षा घेतली आहे. त्या वर्षात दोन हंगाम निघतात, नव्याचे पैसे तेवढ्यात जमतील. आणि एसएसडी तेव्हा काढून घेईन, ती काही लॅपटॉपबरोबर जळत नाही.

ठेचा_भाकर
राजेहो, तुमी दोघंबी मोठे हुशार. पन मले एक सांगा, दहा वाजता साईटच बंद पडते थ्याले एसएसडी काय करन? आमच्याकडं लाईन गेली का अर्ध्या घंट्यात टावरबी बसते. लॅपटॉप वीस सेकंदात चालू झाला अन् मंग दोन घंटे "सर्व्हर व्यस्त" पाहत बसा. म्या तर म्हनतो अडीच हजारात दुसऱ्या कंपनीचं सिम अन् बरा राऊटर घ्या. गिऱ्हाईक थ्याच्यानं खुश राह्यते.

पांदणवाट
साईटचं दुखणं खरं आहे, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण साईट रात्री अकराला चालू होते तेव्हा तरी माझं मशीन तयार असायला हवं की नको?

बाजारगल्ली_रिपेअर
तालुक्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून दोन्हीकडून बोलतो. एसएसडीने मशीन पळतं, वादच नाही. पण लोक "सगळ्यात फास्ट द्या" म्हणत नागपूरहून, सीताबर्डीतून एनव्हीएमई, म्हणजे सॅटापेक्षा वेगवान अशी पट्टीसारखी एसएसडी, घेऊन येतात. डब्यावर सेकंदाला 3500 एमबी लिहिलेलं, आणि लॅपटॉपमध्ये ती पट्टी बसवायला खाचच नाही. काहींमध्ये अशा पट्टीची, एम डॉट टू नावाची खाच असते, पण ती फक्त सॅटा समजते. पट्टी बसते, दिसत मात्र नाही. मग ती घेऊन परत नागपूर. जुन्या मशीनला अडीच इंची सॅटाच घ्या, 7 मिमी जाडीची. तिची कमाल 550 एमबीच्या आसपास, आणि दाखला छापणाऱ्याला 550 आणि 3500 मधला फरक कळत नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडीमधला मात्र आंधळ्यालाही कळतो.

4 जीबी रॅमबद्दल कोणीच बोललं नाही. ब्राउझरच्या आठ खिडक्या उघडल्या की रॅम भरते आणि विंडोज उरलेलं डिस्कवर ढकलतं. एसएसडीमुळे ते कळत नाही एवढंच. जमलं तर 8 करा.

निवृत्त_मास्तर
मी या एसएसडीच्या साफ विरुद्ध आहे आणि त्याला कारण आहे. माझी जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी पंधरा दिवस टक्‌टक्‌ करत होती. तेवढ्यात मी सगळं पेन ड्राइव्हवर काढून घेतलं. दोन वर्षांपूर्वी मुलाने हौसेने एसएसडी बसवून दिली. एका सकाळी लॅपटॉप उघडला तर डिस्कच नाही. आवाज नाही, सूचना नाही. शाळेच्या सहलींचे अकरा वर्षांचे फोटो गेले. दुकानदाराने वॉरंटीत नवी दिली, फोटो कोण देणार? वर त्याच्याकडून कळलं की एसएसडीवरची नुसती पुसलेली फाइलसुद्धा सहसा परत निघत नाही, विंडोज ती जागा आतून मोकळी करायला सांगून टाकतं. हार्ड डिस्कवर निदान आशा असते.

संत्राबाग
मास्तर, वाईट वाटलं. पण फोटो एकाच ठिकाणी ठेवले हा दोष एसएसडीचा नाही.

निवृत्त_मास्तर
दोष माझाच. पण गावातली किती माणसं दोन ठिकाणी ठेवतात? चूक माफ करणारी वस्तू अशा माणसाला द्यावी, असं माझं म्हणणं.

बाजारगल्ली_रिपेअर
मास्तरांच्या बोलण्यात दम आहे, फक्त पडणाऱ्या वस्तूबद्दल हार्ड डिस्क अजिबात माफ करत नाही. चालू असताना टेबलावर वीतभरावरून आपटली तरी सुई आतल्या तबकडीला घासू शकते. उन्हाचं म्हणाल तर हार्ड डिस्कला साधारण 60 अंशांपर्यंत चालतं, एसएसडीला 70. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात टिनाच्या छताखाली हा दहा अंशांचा फरक फुकट मिळतो.

पांदणवाट भाऊ, तुमच्या लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकते?

पांदणवाट
टिकत नाही. 2020 पासून चार्जर लावूनच चालतो. लाईन गेली की मशीन गेलं.

बाजारगल्ली_रिपेअर
मग तुमचा क्रम चुकला. लिहिणं चालू असताना वीज तुटली की हार्ड डिस्कवर फाइल बिघडते, ते परवडतं. स्वस्त एसएसडीला अचानक वीज जाण्यापासून राखण नसते. कुठे काय ठेवलंय याचा तिचा आतला नकाशाच बिघडला तर पूर्ण डिस्क दिसेनाशी होते. मास्तर, तुमच्याही लॅपटॉपची बॅटरी गेलेली होती का?

निवृत्त_मास्तर
होती.

ठेचा_भाकर
घ्या! म्हंजे महावितरणनं केलं म्हना.

बाजारगल्ली_रिपेअर
यामुळेच गेली असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आमच्याकडे दिवसातून चार वेळा लाईन जाते, तिथे आधी बॅटरी, मग एसएसडी. जुनी हार्ड डिस्क फेकू नका. यूएसबीचं केसिंग (डिस्क बाहेरून जोडायचा डबा) घेऊन तिच्यात टाका आणि दर शनिवारी केंद्राच्या फायली तिच्यावर काढा.

पांदणवाट
हार्ड डिस्क कपाटात आहे. केसिंग आणतो. पण मत बदललेलं नाही: बॅटरी आणि एसएसडी धरूनही खर्च नव्याच्या पाव भागाच्या आत राहतो.

संत्राबाग
आणि मशीन तरी दहा वर्षांचंच राहतं.

बाजारगल्ली_रिपेअर
बॅटरीचा नंबर पाठवा. तुमच्या मॉडेलमध्ये ती आत असेल तर खालचं झाकण काढून लेबल बघावं लागेल.

पांदणवाट
आतच आहे. रविवारी उघडतो. नऊ स्क्रू आहेत, म्हणजे आता आठ. नववा एसएसडी बसवताना फरशीच्या फटीत गेला तो गेलाच.