रुग्णालयात वाट दाखवणारं ॲप घ्यावं की क्यूआरवर भागेल?

द्वारकावाला:
नाशिकमधलं ट्रस्टचं रुग्णालय आहे, २०० खाटा, तीन इमारती. तिन्ही वेगवेगळ्या काळातल्या, त्यामुळे जुन्या इमारतीचा पहिला मजला पुलाने नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याला जोडलाय. सोनोग्राफी तळघरात, रक्ततपासणी मागच्या बाजूला. रुग्ण शहरातले, तसेच सुरगाणा, पेठ, कळवण, सटाण्याकडचेही. एका कंपनीने १२० ब्लूटूथ बीकन (सतत सिग्नल सोडणारी, सेलवर चालणारी छोटी यंत्रं) आणि ॲप असा प्रस्ताव दिलाय. मोबाइलवर निळा ठिपका आपल्याबरोबर चालणार म्हणे. घ्यावं का? की टच-किऑस्क, की नुसते क्यूआर? बजेट बेताचं आहे.

सातपूर_नेटवर्क:
निळ्या ठिपक्यावर भाळू नका. जीपीएस छताखाली नीट चालत नाही म्हणून बीकन लावतात. फोन त्यांच्या सिग्नलची ताकद मोजून जागेचा अंदाज बांधतो. पण ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाचं शरीर हा सिग्नल शोषून घेतं. रविवारी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये केलेलं मोजमाप सोमवारच्या ओपीडीच्या गर्दीत चुकतं. जिन्याजवळ किंवा मोकळ्या चौकात वरच्या मजल्याचा बीकन जास्त जोरात ऐकू येतो आणि ठिपका चक्क मजला बदलतो. तुमच्या पुलापाशी काय होईल ते ओळखा.

सेलचंही विचारा. सेकंदाला दहा वेळा सिग्नल सोडला तर ठिपका सुरळीत चालतो पण सेल लवकर संपतो. सेकंदाला एकदा सोडला तर सेल टिकतो, ठिपका मात्र उड्या मारतो. १२० सेल कोण बदलणार हे करारात नसेल तर हळूहळू नकाशाला भोकं पडतील. शिवाय केसपेपरच्या रांगेत उभं राहून ॲप उतरवणं, ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी देणं... वर्षातून एकदा येणारा माणूस हे करत नाही.

नकाशेवाली:
सहमत. पण क्यूआर चिकटवायच्या आधी दारांना कायमचे क्रमांक द्या: इमारत-मजला-दार, उदाहरणार्थ बी-२-०७. विभाग हलतात, दारं हलत नाहीत. 'बी-२-०७ म्हणजे डोळ्यांची ओपीडी, सकाळी ९ ते १' ही माहिती वेगळ्या शीटमध्ये ठेवा, म्हणजे विभाग हलला की एकच ओळ बदलायची. पुलाच्या दोन्ही टोकांना 'इथून पुढे बी इमारत, दुसरा मजला' अशी मोठी पाटी हवीच.

मग वाटांचं जाळं. प्रत्येक वळण, जिना, लिफ्ट, दार हा बिंदू. दोन बिंदूंमधली वाट ही जोडणी, तिची लांबी मीटरमध्ये आणि पायऱ्या आहेत की नाहीत ही खूण. १५ क्यूआर आणि ४० ठिकाणं धरली तर ६०० वाटा होतात. त्या हाताने लिहू नका, पहिल्याच बदलात सगळं कोलमडेल. डायक्स्ट्राच्या पद्धतीने जवळची वाट काढणारा छोटा प्रोग्राम पुरतो. व्हीलचेअर निवडली की पायऱ्यांच्या जोडण्या वगळायच्या.

पडद्यावर आराखडा नको, फोटो द्या: 'मेडिकलपर्यंत सरळ, मग उजवीकडे लिफ्ट'. फोटो चालणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवरून, जाण्याच्या दिशेनेच काढलेले, प्रत्येकी ८० केबीच्या आत. तळघरात नेटवर्क तुटतं, त्यामुळे स्कॅन केल्याबरोबर पूर्ण पान उतरलं पाहिजे.

क्यूआरचा आकार वाचण्याच्या अंतराच्या साधारण एक-दशांश: एक मीटरवरून वाचायचा तर १० सेंमी. दुरुस्तीची पातळी 'क्यू' ठेवा, २५ टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येतो. चारी बाजूंना पांढरी मोकळी जागा सोडा. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकतो. फुकटच्या 'डायनॅमिक क्यूआर' साइट तर टाळाच. त्यांचा क्यूआर आधी त्यांच्या साइटवर नेतो आणि तिथून तुमच्या पानावर, त्यामुळे फुकटची मुदत किंवा वर्गणी संपली की भिंतीवरचे सगळे क्यूआर एकदम मरतात. दुवा रुग्णालयाच्या स्वतःच्या डोमेनवरचा आणि छोटा हवा.

आणि हो, लोक क्यूआर दिसला की पैसे भरायचं ॲप उघडतात. तिथे 'अवैध क्यूआर' आलं की सोडून देतात. म्हणून वर ठळक लिहा: 'वाट शोधण्यासाठी. पैसे भरायचे नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा.'

द्वारकावाला:
हे पटलं. पण साधा फोन असलेले, वाचता न येणारे?

सिडको_एचएमआयएस:
त्यांच्यासाठी केसपेपर आणि बिलाची पावती हेच साधन. एचएमआयएसमध्ये (रुग्णालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत) तपासणीची नोंद झाली की पावतीवर पुढचं ठिकाण छापून येऊ द्या: 'ए-०-११, पिवळी पट्टी'. जमिनीवर त्याच रंगाची पट्टी. चारपेक्षा जास्त रंग घेऊ नका, चौकात गोंधळ होतो.

यात एक खाच आहे. पावती छापणाऱ्या, ८० मिमी रुंद कागदाच्या बहुतेक थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फाँट नसतो. मजकूर तसाच पाठवला तर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं येतात. ओळ आधी चित्रात बदलून पाठवायची. अक्षर मोठं, कारण ती पावती मावशी किंवा वॉर्डबॉयला दाखवूनच पुढे जायचं असतं. टीबी, एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) असली नावं पावतीवर छापू नका, नुसता दार क्रमांक. क्यूआरच्या दुव्यातही रुग्णाचं नाव किंवा नंबर नको.

आवाजाचं बटण द्या. मराठी आहेच, सोबत अहिराणी आणि कोकणा. मशिनी आवाज नको, त्या भागातल्याच कर्मचाऱ्याकडून रेकॉर्ड करून घ्या. वाक्यं ठरावीक असतात, एका दुपारचं काम आहे.

किऑस्क एकच, मुख्य दारात आणि यूपीएसवर. लाइट जाऊन आली की ब्राउझर आपोआप पूर्ण पडद्यावर सुरू झाला पाहिजे, नाहीतर दिवसभर लॉगिनचा पडदा दिसेल. गूगल मॅपवरचा पिनही तपासा. तो इमारतीच्या मधोमध असला तर रिक्षा मागच्या गेटला सोडते. तो मुख्य गेटवर आणा.

द्वारकावाला:
पुलाचं दार रात्री ८ ला बंद होतं, हे जाळ्यात कसं बसवायचं?

नकाशेवाली:
त्या जोडणीला 'सुरू' आणि 'बंद' अशा दोन वेळा लावा आणि वाट काढताना सर्व्हरचं घड्याळ बघा. बंद व्हायची वेळ जाळ्यात ७:४५ धरा, नाहीतर ७:५८ ला स्कॅन करणारा कुलपापाशी पोचेल. लिफ्ट दुरुस्तीला गेली तर तीही अशीच बंद करता आली पाहिजे. ते बटण चौकशी खिडकीवरच्या माणसाकडे द्या, आयटीकडे नको. लिफ्ट बंद पडल्याचं आधी त्यालाच कळतं.